तडीपार माणूस जातो कोठे?

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील वृत्तपत्रांत एक छोटी बातमी अधूनमधून दृष्टीस पडते. अमुक इसमास २ वर्षांसाठी ठाणे, मुंबई आणि लगतच्या जिल्ह्यांतून तडीपार करण्यात आले, एवढाच तिचा मजकूर असतो. वाचकाला हायसे वाटते आणि विषय तेथेच संपतो. परंतु हा माणूस गेला कोठे, तेथे तो पोट कसे भरतो आणि त्याच्यावर लक्ष कोण ठेवतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. एका गावची पीडा दुसऱ्या गावाच्या वेशीत ढकलणे एवढाच तडीपारीचा अर्थ असेल, तर समाजाच्या एकूण जमाखर्चात तीतून काहीच शिल्लक पडत नाही.

कायद्याने याचा विचार केलेलाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ५६ व्या कलमान्वये, तडीपार व्यक्ती राज्यात अन्यत्र राहत असल्यास तिने महिन्यातून एकदा जवळच्या पोलीस ठाण्यात आपला पत्ता कळवावा, असा आदेश देता येतो. राज्य सोडल्यास १० दिवसांच्या आत लेखी, हवे तर टपालाने, तसे कळवावे आणि परतल्यावर पुन्हा १० दिवसांत वर्दी द्यावी, असेही बंधन घालता येते. म्हणजे डोंबिवलीचा तडीपार नाशिकला राहिला तर दरमहा हजेरी. उंबरगावला किंवा वापीला गेला तर एक पत्र पुरे! त्या पत्राची दखल गुजरातच्या पोलिसांनी घेतलीच पाहिजे, अशी सक्ती महाराष्ट्राचा कायदा करू शकत नाही. त्याचा अंमल राज्याच्या सीमेवर संपतो. रेल्वेगाडी मात्र तेथे संपत नाही.

तडीपारी हा तसाही अपवादात्मक उपाय आहे. जालन्यातील एका प्रकरणात २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, या आदेशाने माणसाचे घर आणि प्रसंगी उपजीविकाही हिरावली जाऊ शकते. म्हणून तो जपूनच वापरला पाहिजे. अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे तो न्यायालयाने दोषी ठरवूनही सुधारण्याची संधी दिलेल्या प्रौढ अपराध्यांचा.

परिवीक्षा आणि पोटासाठी भटकंती

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ अन्वये न्यायालय योग्य प्रकरणी तुरुंगवासाऐवजी, अधिकाधिक ३ वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर अपराध्यास मुक्त करू शकते आणि किमान १ वर्ष परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली ठेवू शकते. हा अधिकारी केवळ पहारेकरी नव्हे. अपराध्याला योग्य रोजगार मिळवून देण्याचा प्रयत्न करणे हेही कायद्याने त्याचे कर्तव्य मानले आहे. मात्र अपराध्याचे किंवा त्याच्या जामीनदाराचे निश्चित निवासस्थान अथवा नियमित रोजगार आहे, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते.

येथेच अर्थशास्त्र आणि दंडनीती यांची गाठ पडते. भिवंडीचे यंत्रमाग, डोंबिवलीचे कारखाने आणि घोडबंदर रस्त्यावरील बांधकामे परप्रांतीय श्रमिकांच्या हातांवरही चालतात. समजा, उत्तर प्रदेशातून आलेला २२ वर्षांचा यंत्रमाग कामगार किरकोळ चोरीत प्रथमच दोषी ठरला. त्याचे घर गावी, रोजगार भिवंडीत आणि येथे जामीनदार कोणी नाही. त्याला सोडले आणि तो गावी गेला, तर देखरेख कोणी करावयाची, हा प्रश्न न्यायाधीशापुढे उभा राहणे स्वाभाविक आहे. अशा वेळी स्थानिक तरुणाला बंधपत्र आणि परक्याला तुरुंग, अशी विषमता कोणाच्याही मनात नसताना व्यवहारात शिरते. जामिनाच्या संदर्भात हीच वृत्ती १९७८ साली मोतीराम खटल्यात उघडी पडली. एका गवंड्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, म्हणून त्याची हमी नाकारली गेली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कठोर ताशेरे ओढले. तेथे अडसर जिल्ह्याच्या सीमेचा होता. राज्याची सीमा तर त्याहून अवघड.

वस्तुतः अपराधी ज्या जिल्ह्यात त्या वेळी राहत असेल, तेथील जिल्हा दंडाधिकाऱ्याला परिवीक्षा अधिकारी बदलून नेमण्याचा अधिकार १९५८ च्या कायद्याने दिला आहे. परंतु प्रकरणाचे कागद परराज्यात कोणी, किती दिवसांत पाठवावेत आणि तेथील अधिकाऱ्याने ते स्वीकारलेच पाहिजेत काय, याविषयी तो कायदा मौन पाळतो. याउलट, कैद्याला एका राज्याच्या तुरुंगातून दुसऱ्या राज्याच्या तुरुंगात हलविण्यासाठी १९५० सालीच स्वतंत्र कायदा झाला. बंदिवानासाठी सीमा ओलांडण्याची वाट आहे. सुधारण्यासाठी मोकळा सोडलेल्याला मात्र ती नाही.

अन्यत्र काय घडले?

अमेरिकेतील घटक राज्यांपुढेही हीच अडचण होती. तेथील संसदेने १९३४ साली राज्यांना आपापसांत करार करण्यास संमती दिली आणि १९३७ मध्ये अशा अपराध्यांच्या देखरेखीचा आंतरराज्य करार अमलात आला. त्याची जागा २००२ साली अधिक काटेकोर कराराने घेतली. त्यातील तत्त्व साधे आहे : शिक्षा देणाऱ्या राज्याचा अधिकार कायम राहतो, देखरेखीची जबाबदारी आश्रय देणारे राज्य स्वीकारते आणि अपराध्याचे कुटुंब किंवा रोजगार जेथे असेल तेथे जाण्याची त्याला रीतसर वाट मिळते.

आपल्या जिल्ह्याचेच काम आवरत नाही, परराज्याचे ओझे कशाला, असा आक्षेप येईल. पण हे ओझे परस्परांचे आहे. वापी-सुरतेकडे गेलेल्या आपल्या माणसाची जबाबदारी गुजरात घेईल, तशीच गुजरातच्या माणसाची आपण घ्यावयाची. शिवाय तुरुंगातील माणसाला सरकारी तिजोरी पोसते, तर बाहेर राबणारा माणूस आपले कुटुंब पोसतो. हा फरक लक्षात घेतला तर काही परिवीक्षा अधिकारी वाढविण्याचा खर्च महाग म्हणता येणार नाही.

फौजदारी प्रक्रिया हा विषय समवर्ती सूचीत असल्यामुळे १९५८ च्या कायद्यात दुरुस्ती करण्यास संसद समर्थ आहे. तोवर महाराष्ट्र, गुजरात व गोवा ही राज्ये एकत्र बसतात त्या पश्चिम विभागीय परिषदेत परस्पर स्वीकृतीची पद्धत ठरविता येईल. ही देखरेख पोलिसांकडे न जाता परिवीक्षा अधिकाऱ्यांकडेच राहिली पाहिजे. अन्यथा आधाराऐवजी ससेमिरा पाठीशी लागेल. आपला नवा पत्ता प्रामाणिकपणे कळविणाऱ्याला त्या पत्त्यावर सरकारचा कोणी माणूस भेटला पाहिजे. आज लपून जाणे त्याला अधिक सोपे आहे आणि त्याची किंमत दोन्ही राज्यांतील नागरिक मोजतात.