थापांत पक्की, हेरगिरीत कच्ची

जन्म दक्षिण भारतातल्या मंदिरात. आई तिथली नर्तकी, ती बाळंतपणातच गेली. मग पुजाऱ्यांनी पोर वाढवली, शंकरापुढे नाचायला शिकवली. १९०५ च्या सुमारास पॅरिसची बडी मंडळी नर्तकी माता हारीची ही कुळकथा ऐकायची आणि माना डोलवायची. त्यातलं एक अक्षर खरं नव्हतं. बाई हॉलंडमधल्या लेवार्डनची, टोप्यांच्या दुकानदाराची लेक. मूळ नाव मार्गारेथा झेले, जन्म ७ ऑगस्ट १८७६. ‘माता हारी’ हे मलय भाषेतलं सूर्याचं नाव. त्याचा आपल्या मातेशीही संबंध नाही आणि हरीशीही नाही.

लग्न जमलं ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून. ती १८ वर्षांची, नवरा रुडॉल्फ मॅक्लिऑड ३९ वर्षांचा, डच वसाहतींच्या सैन्यातला अधिकारी. दोघं जावा-सुमात्राला गेली. नवरा दारुडा आणि मारकुटा निघाला, मुलगा दोन वर्षांचा असताना दगावला, संसार मोडला. तिकडे पाहिलेले नाच मात्र लक्षात राहिले होते.

पॅरिसला येऊन तिनं आधी सर्कशीत घोडे पळवले, चित्रकारांपुढे मॉडेल म्हणून बसली. मग १३ मार्च १९०५ ला गिमे संग्रहालयात तिचा नाच झाला. संस्थापक एमिल गिमे यांनी वाचनालयाचं देऊळ करून टाकलं आणि संग्रहातली शंकराची मूर्ती मांडली. तिच्यापुढे बाईनं एकेक वस्त्र उतरवलं. उरली ती रत्नजडित चोळी. ती काही तिनं उतरवली नाही. एका रात्रीत पॅरिस वेडं झालं. धर्माचं नाव पुढे केल्यामुळे प्रतिष्ठितांनाही उजळ माथ्यानं बघता आलं, हा खरा मुत्सद्दीपणा!

आता एक धागा थेट बडोद्याचा. सयाजीरावांच्या संस्थानात मौलाबक्षांनी गायनशाळा काढली. त्यांचा नातू सूफी गायक इनायत खान. भावांना घेऊन ते पॅरिसला गेले, तेव्हा माता हारीच्या नाचाला त्यांनी साथ केली. खोट्या हिंदुस्थानी नर्तकीमागे अस्सल हिंदुस्थानी वादक! याच इनायत खान यांची मुलगी नूर. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त पॅरिसमधून तिनं ब्रिटिशांसाठी गुप्त वायरलेस चालवला आणि १९४४ मध्ये डाखाऊच्या छळछावणीत तिला मारण्यात आलं. गुप्त काम कसं करतात ते तिच्याकडून शिकावं.

कारण माता हारीची हेरगिरी म्हणजे सगळा आनंदच. पहिल्या महायुद्धात जर्मन अधिकारी क्रोमर यानं तिला २०,००० फ्रँक, अदृश्य शाई आणि ‘एच-२१’ हे सांकेतिक नाव दिलं. तिचं म्हणणं असं, की युद्ध सुरू झालं तेव्हा बर्लिनमध्ये जर्मनांनी माझे फरकोट जप्त केले होते, त्याची भरपाई म्हणून पैसे ठेवून घेतले. शाई कालव्यात फेकली. पुढे ती निम्म्या वयाच्या व्लादिमीर मास्लोव या जखमी रशियन कप्तानाच्या प्रेमात पडली. त्याला भेटायला युद्धक्षेत्रात जायचं तर परवाना हवा. त्यापायी गाठ पडली फ्रेंच हेरखात्याच्या कॅप्टन लाडू यांच्याशी. (आडनाव खरंच लाडू!) लाडूंनी तिला फ्रान्ससाठी काम करायला सांगितलं, बाईनं दहा लाख फ्रँक मागितले.

१९१६ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी तिला फॅलमथ बंदरात धरलं, तेही क्लारा बेनेडिक्स नावाची भलतीच हेर समजून. सुटून ती माद्रिदला गेली आणि जर्मन मेजर कालेशी गप्पा मारून बातम्या काढू लागली. कालेनं एच-२१ बद्दल बर्लिनला बिनतारी संदेश पाठवले. ते पॅरिसमध्ये वाचले गेले, कारण ती सांकेतिक लिपी फ्रेंचांनी आधीच फोडली होती. जर्मनांना हे ठाऊक होतं आणि त्यांनी मुद्दाम तिचा काटा काढला, असं मानणारे अभ्यासक बरेच आहेत.

१३ फेब्रुवारी १९१७ ला तिला अटक झाली. पुढे त्या वसंतात फ्रेंच सैन्यात बंड उसळलं, माणसं हजारोंनी मरत होती. कुणाच्या तरी माथी खापर फोडायला हवंच होतं. बंद दाराआड दोन दिवस खटला चालला. ५०,००० सैनिकांच्या मृत्यूचा ठपका एका बाईवर आला. ठोस पुरावा मात्र नाही. १५ ऑक्टोबरला व्हॅन्सेनमध्ये तिला बारा शिपायांपुढे उभं केलं. डोळ्यांवर पट्टी तिनं बांधू दिली नाही. कोट उघडून ती विवस्त्र उभी राहिली म्हणून शिपायांचा नेम चुकला, ही लोकांनी मागाहून जोडलेली थाप. आयुष्यभर इतरांना थापा देणाऱ्या बाईला लोकांनी व्याजासकट परतफेड केली.

गोळीबारानंतर काही दिवसांतच लाडूंनाही जर्मन हेर म्हणून अटक झाली. पुढे ते निर्दोष सुटले. १९३१ मध्ये ग्रेटा गार्बोनं पडद्यावर माता हारी साकारली आणि खरी मार्गारेथा आणखी मागे पडली.

प्रेत घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून ते वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे गेलं आणि शिर पॅरिसच्या शरीररचना संग्रहालयात. ते तिथून गायब आहे हे उघड झालं २००० साली. पहारेकऱ्यांना पत्ता नाही, चोराचा मागमूस नाही. बाईच्या नावावर जमा होऊ शकेल अशी निर्दोष गुप्त कामगिरी बहुधा हीच.