अणदूरचा देव आणि जर्मन अभ्यासक

धाराशिव जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातल्या अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची एकच मूर्ती वाटून घेतलेली आहे. वर्षातला बहुतेक काळ देव अणदूरला असतो, थंडीत नळदुर्गच्या मैलारपुरात जातो. पौष पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते.

या दैवताचे साहित्य प्रामुख्याने गळ्यात आणि पायांत आहे. जागरणात वाघ्या दिमडी वाजवतो, तुणतुण्याची साथ असते, मुरळी घोळ वाजवत नाचते. आधी देवांना आवतन, मग खंडोबाच्या दोन बायका म्हाळसा-बाणाई यांच्या कथा, शेवटी लोखंडी लंगर तोडणे. रात्रभर चालणारे हे एक नाट्यच.

या परंपरेत आयुष्याचा मोठा भाग घालवणारा परदेशी अभ्यासक म्हणजे हायडेलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२). मूळचे कायद्याचे अभ्यासक असलेले सोंथायमर मराठी शिकले, धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत हिंडले. बिरोबा, म्हसकोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६चा; त्याचा इंग्रजी अनुवाद अॅन फेल्डहाउस यांनी केला. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची: या दोन संसारांत त्यांना वस्ती आणि रान यांचे नाते दिसले. रा. चिं. ढेरे यांचे ‘खंडोबा’ १९६१मध्येच आले होते, त्यामुळे वाट अगदीच अनोळखी नव्हती. पुढे सोंथायमर यांनी हेनिंग स्टेगम्युलर यांच्यासोबत पंढरीच्या वारीवर चित्रपटही केला.