प्रार्थनास्थळे व महापालिका इमारतींमधील ऊर्जाबचत : नवी मुंबईच्या संदर्भात

प्रस्तावना :
नवी मुंबई महानगरपालिकेची स्थापना १ जानेवारी १९९२ रोजी झाली. या शहरात पालिकेची कार्यालये, शाळा व रुग्णालये जशी वाढली, तशीच मंदिरे, मशिदी, चर्च व गुरुद्वारेही वाढली. पहिल्या प्रकारच्या वास्तू कराच्या पैशावर चालतात, तर दुसऱ्या देणगीच्या पैशावर. वाया गेलेल्या प्रत्येक युनिटचा भार अखेर नागरिकांवरच पडतो. प्रस्तुत लेखात या दोन्ही वास्तूंमधील ऊर्जाबचतीचा विचार केला आहे.

ऊर्जावापराचे स्वरूप :
कार्यालयाचा वीजवापर दिवसा व सलग असतो. किनारपट्टीच्या दमट हवेत वातानुकूलन यंत्राला उष्णतेबरोबर हवेतील बाष्पही काढावे लागते. त्यामुळे उघडी राहिलेली दारे व पश्चिमेकडील काचा महाग पडतात. प्रार्थनास्थळी गर्दी ठराविक वेळी व सणावारी होते. परंतु रिकाम्या सभामंडपातही दिवे व पंखे चालू राहतात. म्हणूनच कार्यालयात शीतनावर, तर प्रार्थनास्थळी वेळेच्या नियोजनावर प्रथम लक्ष द्यावे लागते.

बचतीचे उपाय :
जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो. बीएलडीसी पंखा सुमारे ३० वॅट. ४० पंख्यांचे सभागृह रोज ८ तास, वर्षातील ३०० दिवस वापरले, तर केवळ या बदलाने वर्षाला ४,३२० युनिट वाचतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. त्यासाठी काहीच खरेदी करावे लागत नाही.

शिर्डीचे उदाहरण :
श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात ३० जुलै २००९ रोजी सौर वाफेवरील स्वयंपाक प्रणाली सुरू झाली. १६ चौ.मी.च्या ७३ परावर्तक तबकड्यांतून वाफ निर्माण करून ती स्वयंपाकघरात नेण्याची ही योजना होती. ढगाळ दिवशी काम थांबू नये म्हणून ती जुन्या बॉयलरला जोडली होती. तत्कालीन शासकीय माहितीनुसार खर्च सुमारे १.३३ कोटी रुपये, त्यात केंद्राचे अनुदान ५८.४ लाख व अपेक्षित वार्षिक बचत २० लाख रुपये होती. म्हणजे संस्थानचा स्वतःचा खर्च पावणेचार वर्षांत, तर अनुदानाविना सुमारे साडेसहा वर्षांत भरून निघाला असता. छोट्या देवस्थानाला एवढी मोठी यंत्रणा पेलणार नाही. मात्र आधी इंधनाचा हिशेब व मग गुंतवणूक हा क्रम त्यालाही लागू पडतो.

अंमलबजावणीतील अडचणी :
२००७ ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता मोठ्या, नव्या व्यावसायिक इमारतींसाठी होती. जुनी देवळे व छोटी विभाग कार्यालये सहसा अशा नियमांच्या कक्षेबाहेर राहतात. शिवाय पालिकेत उपकरणे घेणारा विभाग व वीजबिल भरणारा विभाग वेगळे असू शकतात. देवळात पंखा अर्पण करणारा भाविक पात्यावर नाव घालतो. त्याचे बिल मात्र विश्वस्तांना दरमहा भरावे लागते. जुना पंखा काढणे हा मग भावनेचा प्रश्न होतो. दात्यांची नावे एका फलकावर एकत्र लावली, तर त्यांचा मान राहील व पंखेही बदलता येतील.

समारोप :
प्रत्येक इमारतीचे बारा महिन्यांचे वीजबिल दर्शनी भागात लावणे ही सर्वांत स्वस्त सुरुवात ठरेल. नागरिकांना व भाविकांना खर्च दिसला, की बचतीची मागणी त्यांच्याकडूनच होईल. उपकरणे त्यानंतर बदलावीत. कारण हिशेबाविना बसविलेले उत्तम यंत्रही रिकाम्या खोलीत फिरत राहते.