झडप, मोटारगाडीच्या एंजिनाची

अंतर्ज्वलन एंजिनाच्या सिलिंडरात इंधन व हवा यांचे मिश्रण घेण्याचा आणि जळालेले वायू बाहेर सोडण्याचा मार्ग योग्य क्षणी उघडणारा व बंद करणारा भाग. मोटारगाडीत सामान्यतः तबकडीसारखे डोके व लांब दांडा असलेली झडप वापरतात. स्प्रिंग तिला बैठकीवर दाबून धरते व कॅम तिला उचलतो. चार धावांच्या एंजिनात दर दोन फेऱ्यांत प्रत्येक झडप एकदा उघडते. मिनिटाला ३,००० फेरे असल्यास ती १,५०० वेळा बैठकीवर आपटते.

आरंभीच्या अनेक गाड्यांत प्रवेश झडप दट्ट्याच्या चोषणानेच उघडे. त्यासाठी स्प्रिंग कमजोर ठेवावी लागे व वेग वाढताच झडप वेळेवर मिटत नसे. १९०१ सालच्या मर्सिडीझ गाडीत व्हिल्हेल्म मायबाख यांनी प्रवेश झडपही कॅमने चालविली. ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली.

निष्कास झडपेचा प्रश्न अधिक बिकट होता. तिच्याभोवती तप्त वायू वाहतात व पूर्ण भारावर तिचे तापमान ७००° ते ८००° से. पर्यंत जाते. या तापमानास साधे पोलाद मऊ पडते व गंजते. कड वाकली की फटीतून वायूचा झोत निसटतो आणि कड जळते. डोके तुटून सिलिंडरात पडल्यास दट्ट्याही फुटतो.

यावर दोन दिशांनी उपाय झाले. एक, धातू बदलणे : १९२० नंतर सिलिकॉन-क्रोमियम पोलाद आले, पुढे २१% क्रोमियम व ४% निकेल असलेले पोलाद वापरात आले. कडेवर कोबाल्टयुक्त कठीण मिश्रधातूचा थर देण्यात येऊ लागला. दुसरी, उष्णतेला वाट देणे : झडपेतील बहुतेक उष्णता बैठकीतून व उरलेली दांड्यातून बाहेर जाते, म्हणून बैठकीभोवती पाणी खेळविण्यात आले. विमानांच्या एंजिनांसाठी सॅम हेरन यांनी पोकळ दांड्यात सोडियम घातले. ते ९८° से. ला वितळते व हिंदकळत डोक्याची उष्णता दांड्याकडे नेते.

१९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळू लागले. त्याचा थर बैठकीवर साचून झीज रोखी. त्यामुळे बैठकीचा मऊपणा झाकला गेला. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले. त्याच सुमारास मुंबईतील टॅक्सी नैसर्गिक वायूवर वळविण्यात येत होत्या. त्यांत कुर्ला येथे बनलेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या मोठ्या संख्येने होत्या. त्या टॅक्सी २०२३ मध्ये सेवेतून गेल्या. हा वायू मुंबईप्रमाणेच लगतच्या मीरा-भाईंदरमध्येही वाहनांना पुरविला जातो. तो कोरडा असल्याने झडप व बैठक यांच्यात संरक्षक थर साचत नाही; म्हणून अशा एंजिनांत कठीण धातूची बैठक-कडी बसवितात.

बैठक झिजली की झडप आत रुतते, दांडा वर सरकतो व चालक यंत्रणेतील ठराविक फट नाहीशी होते. मग झडप पूर्ण मिटत नाही, तिची उष्णता बैठकीत उतरत नाही आणि ती जळते. फट वाढल्यास खडखड ऐकू येते. ती कमी झाल्यास मात्र एंजिन उलट शांत भासते. म्हणून आवाजावर विसंबून न राहता ही फट नियमितपणे मोजणे आवश्यक असते.