डोळ्यात कण गेलाय? दवाखान्यात जाण्याआधी एवढं करा



बंदीत बोटी वर काढल्या की ग्राइंडर, वेल्डिंग, रंगकाम सुरू होतं आणि कुणाच्या तरी डोळ्यात कण जातोच. मागे आपल्यातला एक खलाशी तीन दिवस घरातले जुने थेंब टाकत बसला. कण लोखंडाचा होता, बुबुळावर गंज धरला. डोळा वाचला, पण डाग राहिला. म्हणून हे लिहितोय.

आधी काय करायचं?
👉 डोळा चोळू नका. गोड्या, स्वच्छ पाण्याने धुवा. खाडीचं पाणी नको.
👉 बॅटरीचं ॲसिड, चुना किंवा थिनर उडालं तर आधी निदान 20 मिनिटं पाण्याची धार धरा, मग निघा.
👉 गळ किंवा माशाचा काटा रुतला असेल तर ओढू नका, धुऊ नका. दोरी कापा, वरून कागदी कप अलगद धरा आणि 108 ला फोन करा. वाटेत काही खाऊ-पिऊ नका, ऑपरेशन लागू शकतं.
👉 मध, एरंडेल, उरलेले थेंब टाकू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, त्याने जखम चिघळते.

डॉक्टरांना काय सांगायचं?
नुसतं "कचरा गेला" म्हणू नका. हे कागदावर लिहून न्या:
1. किती वाजता, कोणतं काम करताना गेला. छिन्नीवर हातोडी मारत होतो की ग्राइंडर चालवत होतो, हे आवर्जून सांगा. जोरात उडालेला कण डोळ्याच्या आत शिरतो आणि कधी कधी दुखतही नाही. हे कळलं की डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून बघतात.
2. दुसरा डोळा झाकून बघा. आधीपेक्षा कमी दिसतं का?
3. साखर, डोळ्याचं जुनं ऑपरेशन, कुठल्या औषधाची ॲलर्जी.
4. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं.

सोबत चष्मा, टाकलेल्या थेंबांची बाटली, आधार आणि असेल तर आयुष्मान कार्ड घ्या. एकटे जाऊ नका. बाहुली मोठी करायचे थेंब टाकले तर काही तास अंधुक दिसतं, बाईक चालवता येत नाही.

कुठे जायचं? मजुरा गेटचं नवीन सिव्हिल किंवा उमरवाड्याचं स्मीमेर. गुजरातीत सांगायला अडलात तर एवढं बोला: "आंखमां लोखंडनी कणी गई छे, झांखुं देखाय छे."

बोटमालकांना विनंती, ग्राइंडरबरोबर गॉगलही द्या. गॉगलचा खर्च थोडा आहे, डोळा पुन्हा मिळत नाही.

हा मेसेज आपल्या बोटीच्या ग्रुपवर टाका आणि घरच्या बायकांनाही वाचून दाखवा. दवाखान्यात नेणाऱ्या बहुतेक त्याच असतात.

– सचिव, आपली सोसायटी