वाऱ्यावर जाणारी भूल

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगर-गारखेडा भागात राहणाऱ्यांना शस्त्रक्रियेसाठी फार दूर जावे लागत नाही. १९८९ पासूनचे डॉ. हेडगेवार रुग्णालय जवळच आहे आणि सगळा मराठवाडा ज्याला ‘घाटी’ म्हणतो ते शासकीय रुग्णालयही याच शहरात आहे. घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले, आणि हॅलोथेन हे हुंगून भूल देण्याचे औषध इंग्लंडमध्ये प्रथम रुग्णांना दिले गेले तेही त्याच वर्षी. अशा औषधाचे बाष्प रुग्णापर्यंत पोहोचवणाऱ्या यंत्राची घडण इंग्रज भूलतज्ज्ञ हेन्री बॉइल यांनी १९१७ साली रूढ केली, म्हणून आजच्या पडदेवाल्या यंत्रालाही शस्त्रक्रियागृहातली जुनी माणसे ‘बॉईल’च म्हणतात.

या यंत्रात ऑक्सिजन आणि त्याच्या जोडीचा वायू आधी रोटामीटरमधून, म्हणजे आत हलका बॉबिन तरंगणाऱ्या उभ्या काचनळीतून जातो, आणि बॉबिन किती वर चढला यावरून मिनिटाला किती लिटर ताजा वायू वाहतो आहे हे कळते. पुढे व्हेपोरायझरमध्ये त्यातला थोडा भाग द्रव औषधावरून फिरून बाष्प घेऊन येतो व उरलेल्या वायूत मिसळतो. व्हेपोरायझरची तबकडी सांगते ते मिश्रणातल्या बाष्पाचे शेकडा प्रमाण. त्याच प्रमाणावर औषध किती खर्ची पडणार हे मात्र रोटामीटरची कळ ठरवते, आणि साऱ्या हिशेबाचे मर्म इथेच आहे.

भूलतज्ज्ञांचा एक ठोकताळा असा की, मिनिटाचा प्रवाह, शेकडा प्रमाण आणि तीन यांचा गुणाकार केला की तासाला लागणारे द्रव औषध मिलिलिटरमध्ये मिळते. सेव्होफ्लुरेन हे हुंगण्याचे भूल-औषध दोन टक्क्यांवर ठेवून सहा लिटर वायू सोडला तर तासाला ३६ मिलिलिटर औषध जाते आणि २५० मिलिलिटरची बाटली सात तासांत संपते. एका लिटरवर तासाला सहाच मिलिलिटर लागते आणि तीच बाटली चाळीस तासांवर पुरते. निजलेल्या प्रौढ माणसाचे शरीर मिनिटाला जेमतेम पाव लिटर ऑक्सिजन वापरते, त्यामुळे सहा लिटरांतला बहुतेक वायू औषधासकट झडपेतून बाहेर पडतो.

हा सगळा अपव्यय निष्काळजीपणाचा नसतो, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९७२ साली पुढे आलेल्या ‘बेन सर्किट’ या श्वासनळ्यांच्या जोडणीमध्ये उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे काही नसल्याने तो ताज्या वायूनेच धुऊन काढावा लागतो, आणि ६० किलोच्या रुग्णाला कृत्रिम श्वास देताना त्यासाठी मिनिटाला चार लिटरांहून अधिक वायू लागतो. वर्तुळाकार सर्किटमध्ये हे काम सोडा लाइमचे दाणे करतात आणि उच्छ्वासातले न वापरलेले बाष्प पुन्हा रुग्णाकडे जाते. उच्छ्वास शुद्ध करून पुन्हा देण्याची ही कल्पना इंग्रज डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५० च्या सुमारास पोटॅशच्या साहाय्याने अजमावली होती. मिनिटाला एक लिटरची पद्धत १९५२ साली भूलतज्ज्ञ फोल्डेस यांनी मांडली.

प्रवाह कमी केला की तबकडीवरचा आकडा आणि रुग्णाच्या श्वासातले प्रमाण यांत अंतर पडते, कारण शरीर बाष्प शोषत असते आणि येणारा ताजा वायू थोडा असतो. म्हणून पहिली काही मिनिटे प्रवाह मोठा ठेवून नंतर तो उतरवतात, तबकडी थोडी चढी ठेवतात, आणि भूल झटपट गडद किंवा हलकी करायची वेळ आली तर प्रवाह पुन्हा वाढवतात. यामुळे प्रत्यक्षातली बचत गुणाकारात दिसते तेवढी भरत नाही. नायट्रस ऑक्साइड जोडीला असेल तर सर्किटमधला ऑक्सिजन नकळत घटू शकतो, आणि थकलेले सोडा लाइम रंग बदलून इशारा देते तिकडे दुर्लक्ष झाले तर कार्बन डायऑक्साइड साचतो.

वाया गेलेले बाष्प छपरावरून हवेत जाते. डेसफ्लुरेन हे सेव्होफ्लुरेनसारखेच भूल-औषध शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवते, आणि म्हणूनच युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून त्याचा वापर अगदी अपरिहार्य प्रसंगांपुरता मर्यादित केला आहे.

ज्या शस्त्रक्रियागृहात वर्तुळाकार सर्किट, ताजे सोडा लाइम आणि श्वासातला ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड व बाष्प मोजणारा मॉनिटर आहे, तिथे पहिल्या काही मिनिटांनंतरही सरसकट सहा लिटरचा प्रवाह चालू ठेवण्याला वैद्यकीय कारण उरत नाही. जिथे असा मॉनिटर नाही, तिथे प्रवाह उतरवण्याआधी मॉनिटर घेतला पाहिजे.