मुठीचं वय

संपादकांनी मला जयपूरला पाठवलं होतं ते सिटी पॅलेसच्या सिलेहखान्यावर लिहायला. दिवाळी अंकाला शस्त्रांवरचा लेख हवा, चित्रं भरपूर, मजकूर बेताचा, अशी मागणी. सिलेहखाना मी पाहिला. रॉबर्ट एलगुड यांचा त्या संग्रहावरचा २०१५ सालचा जाडजूड ग्रंथही चाळला. रामनिवास बागेतल्या अल्बर्ट हॉलमध्ये एक अख्खी दुपार घालवली. प्रिन्स ऑफ वेल्सच्या भेटीत १८७६ मध्ये पायाभरणी, १८८७ मध्ये उद्घाटन, आराखडा स्विंटन जेकब यांचा आणि वस्तू जमवण्यामागे हेंडली नावाचा एक हौशी डॉक्टर, हा इतिहास तिथल्या पाटीवरून कुणालाही उतरवून घेता येईल. लेख मात्र अडकला आदर्श नगरातल्या एका जेवणाच्या टेबलावर.

मी उतरले होते मावशीकडे. काका रेल्वेतून निवृत्त होऊन जयपुरातच राहिले. आदर्श नगर ही फाळणीनंतर निर्वासितांनी भरलेली वस्ती. मुलतानच्या दिगंबर जैनांनी १९४७ मध्ये आपल्या मूर्ती विमानातून आणल्या, त्यांचं मंदिर इथेच आहे. बरोबर काय आणलं आणि काय मागे राहिलं, हा विषय या गल्ल्यांत अजून निघतो. मावशीच्या समोरच्या घरातले निवृत्त प्राध्यापक तसे शेखावाटीचे राजपूत, पण तो प्रश्न त्यांनाही लागलेला. सगळी गल्ली त्यांना मास्टरसाब म्हणते. मी शस्त्रांवर लिहिते आहे हे मावशीने त्यांना सांगितलं असणार. संध्याकाळी ते जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. “हमारे पिताजी जावा से लाए थे. तीन सौ साल पुराना है.”

आत क्रिस होता. मलय आणि जावाच्या मुलखातला नागमोडी खंजीर. मी वळणं मोजली, नऊ भरली. ती नेहमी विषमच असतात. पात्यावर पोलादाच्या थरांची राखाडी-पांढरी नक्षी होती. सोमल आणि लिंबाचा रस चोळून ती उठवतात. १५ व्या शतकातल्या जावामधल्या सुकुह मंदिरात एक शिल्प आहे: भीम पातं घडवतो आहे, अर्जुन भाता ओढतो आहे आणि मधे गणपती नाचतो आहे. आपली मंडळी तिकडे लोहारकामालाही लागली होती, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

मास्टरसाबांचे वडील राजपुताना रायफल्समध्ये होते. ऑक्टोबर १९४५ मध्ये ४९ वी भारतीय ब्रिगेड जावातल्या सुराबाया बंदरात उतरली. तिच्यात राजपुतान्याची पलटण होती आणि आपली मराठा पलटणही. जपान शरण आलेला, डच परत यायच्या बेतात, आणि इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलेलं. महिनाअखेरीस ब्रिगेडियर मॅलबी मारले गेले. १० नोव्हेंबरला मोठी लढाई पेटली. इंडोनेशियात तो दिवस आज वीरदिन म्हणून पाळतात. गुलाम देशाचे शिपाई दुसऱ्या गुलाम देशाच्या बंडावर चालून गेले, याबद्दल वडील घरात कधी बोलले नाहीत. क्रिस बाजारात विकत घेतला, एवढंच सांगत.

सुराबायाच्या समोर, चिंचोळ्या खाडीपलीकडे मदुरा बेट आहे. माझी उत्सुकता चाळवली ती तिथे. मास्टरसाबांच्या क्रिसची मूठ वीतभरसुद्धा नव्हती, पण तिच्यावर बोट टेकायला मोकळी जागा सापडेना, इतकी पानं, वेली, कळ्या. मदुरेच्या सुमेनेप गावाकडे हस्तिदंतात असंच दाट कोरतात. तिथे या घाटाला दोनोरिको म्हणतात. मलय द्वीपकल्पात आणि सुमात्रात दुसरा घाट चालतो, ‘जावा देमाम’. त्याचा अर्थ तापाने फणफणलेला जावाचा माणूस, आणि मूठ खरोखरच कुडकुडत, अंग चोरून बसलेल्या माणसासारखी दिसते. थायलंडच्या सीमेवरच्या पट्टाणीकडची मूठ लांब नाकाची, तिला खंड्या पक्ष्याचं नाव. इस्लाम आल्यावर माणसाची आकृती उघडपणे कोरणं मागे पडलं आणि ती पानाफुलांत विरघळत गेली, हे या मुठी एका रांगेत ठेवल्या की डोळ्यांना कळतं. घाटावरून गाव सांगता येतं. साल सांगणं मात्र महाकठीण.

आपल्याकडच्या शस्त्रांचं त्या मानाने बरं. बिकानेरच्या अनूपसिंहांनी १६८९ मध्ये अदोणीहून लुटून आणलेल्या हत्यारांवर देवनागरीत ठिपक्याठिपक्यांनी नोंद केली, म्हणून आज दख्खनी कट्यारींच्या काळाचा एक पक्का खुंटा हाती आहे. क्रिसवर असं लिहिण्याची रीत नाही. एका प्रसिद्ध क्रिसच्या पात्यावर शके १२६४, म्हणजे १३४२, कोरलेलं आहे. तो अॅमस्टरडॅमला आहे. आपलाच शक तिथे भेटल्यावर बरं वाटतं, पण तो अपवाद. बाकीच्यांसाठी अभ्यासकांना युरोपातल्या राजघराण्यांच्या जुन्या याद्यांवर विसंबावं लागतं. डेन्मार्कच्या राजाच्या कोपनहेगनमधल्या संग्रहाची १६७४ ची यादी त्यांतलीच. यादीत नोंद आहे तर वस्तू त्याआधीची. बाकी सगळं ताडून पाहणं.

मग आधी निदान हा हस्तिदंत तरी आहे का, इतकं बघू, असं ठरलं. मास्टरसाबांनी उस्तादांना बोलावलं. परकोट्याच्या आत त्यांचा लहानसा कारखाना. पूर्वी हस्तिदंत कोरायचे, आता उंटाचं हाड. ते ई-रिक्षातून आले ते पत्र्याचा डबा आणि सुपारीएवढं भिंग घेऊन. वय ऐंशीच्या घरात असावं. मूठ हातात घेऊन त्यांनी आधी पाहिलीच नाही. डोळे मिटून गालाला लावली. “ठंडा है,” म्हणाले, आणि चहा मागवला.

पुढचा दीड तास मी फक्त त्यांचे हात पाहत होते. हाड आणि दात यांतला फरक ते पुस्तकातून शिकले नव्हते. हाड कानशीखाली भुकटी होऊन उडतं, हस्तिदंताची मात्र पातळ सालपटं वळून निघतात, हे त्यांनी अंगठ्याने हवेत कानस ओढून दाखवलं. हाड पोकळ असतं म्हणून मोठी वस्तू तुकडे जोडूनच होते. ते उकळायचं, सोड्यात चरबी काढायची, मग पेरॉक्साइडमध्ये पांढरं करायचं. त्यात रक्तवाहिन्यांची बारीक भोकं राहतात आणि भिंगाखाली मिरपूड सांडल्यासारखी दिसतात. सेल्युलॉइडची नक्कल असेल तर रेषा वहीसारख्या सरळ, समांतर. कुणीतरी तापलेली सुई टोचून बघायचं सुचवलं तेव्हा उस्तादांनी ज्या नजरेने त्याच्याकडे पाहिलं, ती मी विसरणार नाही.

खरी खूण आडव्या छेदावर असते. हत्तीच्या सुळ्याचा छेद घेतला की घड्याळाच्या तबकडीवर कोरतात तशी, एकमेकींना तिरकस कापत जाणाऱ्या रेषांची जाळी दिसते. तिला श्रेगर रेषा म्हणतात. काठाजवळ त्या रेषा ज्या कोनात भेटतात तो आजच्या हत्तीत पसरट, साधारण ११५ अंशांच्या वर. सायबेरियाच्या बर्फातून निघालेल्या मॅमथमध्ये अरुंद, ९० च्या खाली. मधल्या कोनांवर मात्र निवाडा देता येत नाही. पाणगेंडा, वॉलरस, देवमासा यांच्या दातांत ही जाळीच नाही. वॉलरसच्या दाताला मोगल ‘माही दंदान’ म्हणत, माशाचा दात. असा ठिपकेदार दात हाती आला तेव्हा जहांगीर इतका हरखला की त्याच्या मुठी करणाऱ्या पूरण आणि कल्याण या कारागिरांची नावं त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवली. कारागिराचं नाव बादशहाच्या पुस्तकात यायला दात असा दुर्मीळ लागतो.

पण कोरलेल्या मुठीवर आडवा छेद असतो कुठे? बाजूने पाहिलं तर फक्त लांबट, लहरी रेषा. छेद दिसतो तो मुठीच्या बुडाशी, जिथे ती पात्याला मिळते, आणि तिथेच नेमकं धातूचं कडं बसलेलं. म्हणजे मूठ काढायला हवी. मास्टरसाबांनी आवंढा गिळला. उस्ताद म्हणाले, हे हत्यार मूठ निघावी म्हणूनच केलेलं आहे. जावाकडे पात्याची मुठीत शिरणारी काडी कापडाने गुंडाळून नुसती दाबून बसवतात. त्यांनी जावा कधी पाहिलं नव्हतं, पण मनगटाच्या एका हलक्या पिळाने मूठ हातात आली. काडीवर काळपट चिंधीचा पीळ होता. कुठल्या कापडाचा, कुणी गुंडाळलेला, देव जाणे.

बूड खिडकीकडे धरलं. जाळी होती. कोन पसरट. हत्ती.

टेबलाभोवती सगळ्यांनी श्वास सोडला. उस्तादांनी मात्र भिंग काढलं नाही. मुठीतलं भोक काडीपेक्षा रुंद होतं, आणि त्याच्या एका बाजूला जुनी, पिवळी, गुळगुळीत कड, तर दुसऱ्या बाजूला पांढरट खरवड. “दो बार हुआ है,” ते म्हणाले. मूठ आधी दुसऱ्याच पात्यावर होती. पातं आणि मूठ यांचा जन्म बरोबरचा नव्हेच. हे मला आधी सुचायला हवं होतं. क्रिसचं म्यान, मूठ, कडं, पातं या चारांची वयं चार असू शकतात. बापाचं पातं, मुलाने केलेली मूठ, नातवाने बदललेलं म्यान.

नंतर त्यांनी झीज दाखवली. एका अंगाची पानं साबणाच्या वडीसारखी झिजलेली, दुसऱ्या अंगाला कोराच्या कडा अजून बोचणाऱ्या. कमरेला खोचलेल्या हत्याराची हीच झीज, अंगरख्याला घासून झालेली. बाजारात खोटं जुनेपण आणायला चहात बुडवतात, धुरात टांगतात. तसा रंग खाचांत जास्त भरतो आणि उंचवट्यावर कमी. इथे उलट होतं.

आणि मग, पानांच्या गर्दीत, मला मुकुट दिसला. चक्क युरोपीय धाटणीचा मुकुट. सुमेनेपच्या राजांचं डचांशी सख्य होतं आणि १९ व्या शतकातल्या मदुरेच्या मुठींवर युरोपीय चिन्हं येतात. म्हणजे तीनशे वर्षं गेली. माझा अंदाज, १९ व्या शतकाचा उत्तरार्ध. मास्टरसाब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तो पिताजी को ठगा गया.” मी म्हटलं, ठगवलं नाही. पातं कदाचित खरंच जुनं असेल. त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

अंदाज पक्का करता येईल का? शास्त्र आहे, पण ते इथे फारसं कामाचं नाही. १९५० च्या दशकातल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढवला. त्यानंतर वाढलेल्या सुळ्यात तो सापडतो, म्हणून हत्ती त्या चाचण्यांआधीचा की नंतरचा, एवढं खात्रीने कळतं. आपली वस्तू १९४५ मध्येच भारतात आली, तेव्हा तो प्रश्नच नाही. त्याआधीच्या तीनएकशे वर्षांत मात्र कार्बनचं मोजमाप इतकं हेलकावतं की एकाच नमुन्याला दोन-तीन वेगळी शतकं लागू पडतात. शिवाय कळलं तरी कळणार हत्ती कधी मेला ते, मूठ कधी कोरली ते नव्हे. सुळा पन्नास वर्षं कोठीत पडून राहिलेला असू शकतो. दिल्लीच्या प्रयोगशाळेत हे मोजणारं यंत्र आहे, डेहराडूनला वन्यजीव संस्थेत हत्ती आशियाई की आफ्रिकी तेही सांगतात. पण चिमूटभर का होईना, मूठ खरवडावी लागेल, आणि त्याआधी ती राज्याबाहेर न्यावी लागेल.

न्यायचं म्हणजे कायदा आला. १९७२ चा वन्यजीव कायदा, १९७७ मध्ये हत्तीला मिळालेलं पहिल्या परिशिष्टाचं संरक्षण, १९८६ ची दुरुस्ती, आणि १९९१ ची, जिने आफ्रिकेतून आणलेल्या हस्तिदंताचा व्यापारही बंद केला. व्यापारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. हे योग्यच झालं. हस्तिदंताच्या मुठीवर माझं मन कितीही बसलं तरी हत्ती मेल्याशिवाय ती होत नाही. पण उस्तादांच्या डब्यातली पाच-सहा हत्यारं बंदी आली तेव्हापासून नुसती पडून आहेत. त्यांच्या मुलाने हस्तिदंताला कधी हत्यार लावलेलं नाही आणि लावू नये. बुडाशी दोनदा कोरलेलं भोक त्याला दिसलं असतं का, असं मी विचारलं. उस्तादांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. सुमेनेपकडच्या आएंग तोंग-तोंग गावात आजही शेकडो लोक क्रिस घडवतात. युनेस्कोने २००५ मध्येच क्रिसला मानवजातीचा वारसा म्हटलं आहे. तिथल्या जुन्या हातांना हे भोक दिसेल. पण क्रिस तिकडे जाणार कसा?

मास्टरसाबांनी हे आपल्या परीने मिटवलं होतं. २००३ मध्ये सरकारने घरातल्या वन्यजीव वस्तू जाहीर करायला १८० दिवसांची मुदत दिली, तेव्हा वर्तमानपत्रात वाचून त्यांनी अर्ज केला. विकता येणार नाही, मुलाला वारशाने देता येईल, राज्याबाहेर न्यायचं तर कळवावं लागेल. मी निघाले त्या सकाळी ते प्लास्टिकच्या पिशवीतला कागद घेऊन पुन्हा आले. टंकलिखित, घडीवर फाटलेला. वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं: चाकू, हाथीदांत की मूठ, एक नग. शेजारच्या रकान्यात मास्टरसाबांनी तेव्हा ‘३०० वर्ष’ असं लिहिलं होतं. आता त्यावर पेन्सिलीने एक रेघ होती, आणि खाली नुसतं ‘पुराना’.